आक्काचं बिनपाण्याचं झाड

फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घराच्या गच्चीवर अडेनियमची गळालेली पिवळी पानं झाडूने एका कोपऱ्यात ओढत होतो. कळसहून दाजींचा फोन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फोनवर ते आधी कधी बोलत नाहीत. समोरच्याने हॅलो म्हणायचं, तब्येत विचारायची, पाऊसपाणी विचारायचं, मग ते मुद्द्यावर येणार. त्या दिवशी मात्र मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "गुरुजी, तुमची आक्का गेली." मग थोडं थांबून, मला खोटं वाटेल म्हणून की काय, "सकाळी चांगली हुती. उन्हात बसली. च्या घेतला. बसल्या जागीच…" पुढचं ते बोलले नाहीत की मला ऐकू आलं नाही, हे आता सांगता येत नाही.

आम्ही कळसला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. घरासमोर मुरमाचा एक लांबट उंचवटा आहे, त्यावर ओळीने गुडघ्याएवढी झाडं. सगळी निष्पर्ण. बुंधे फुगलेले, वर आखूड जाड फांद्या, त्यांवर एक पान नाही. त्यांच्या कडेने आलेल्यांनी चपला काढल्या होत्या, एका फांदीवर कुणी उपरणं टाकलं होतं. माझ्या मागे उभी असलेली एक बाई दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "दारात ही वाळकी खोडं कशापायी ठेवली असतील गं?" मला मागे वळून सांगावंसं वाटलं, की ती वाळलेली नाहीत. पण ते सांगायचं तर आक्काची शेवटची सगळी सहा-सात वर्षं सांगावी लागली असती, आणि ती जागा तशी नव्हती. आज दीड-दोन महिन्यांनी ते सांगायला बसलो आहे.

आक्काचं नाव कमल. आम्हा भावंडांत थोरली. मी शाळेत चित्रकला शिक्षक झालो, नोकरीनिमित्त बारामतीत राहिलो. आक्का कळसला दिली आणि भाजीपाल्यात रमली. टोमॅटो, दोडका, कारलं, मधे एक पट्टा उसाचा. तिच्या रानात गेलं की ती कायम वाफ्यात सापडायची, साडीचा काचा मारलेला, टाचेनं माती दाबून बघत. टाच किती रुतते त्यावरून ती ठरवायची की आज पाणी सोडायचं की उद्या. फुलझाड तिने कधी लावलं नाही. दसरा-दिवाळीला झेंडू असायचा, तोही विकायला. एकदा माझ्या बायकोने, मंगलने, मोगऱ्याचं रोप नेऊन दिलं होतं. पुढच्या खेपेला ते दिसलं नाही म्हणून तिने विचारलं, तर आक्का सरळ म्हणाली, "ज्याला बाजार न्हाय त्याला पाणी न्हाय, मंगल. शेळीनं खाल्लं." वाईट वाटून घ्यावं असं तिच्या बोलण्यात काही नसायचं. तिच्याकडे पाणी भरपूर होतं, पण ते कामाचं होतं.

अशा बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आधी पायाला सूज यायला लागली, ती कामाची म्हणून अंगावर काढली. मग चेहरा सुजला, मग एके दिवशी श्वास पुरेना. बारामतीच्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. कळसहून जाऊन येऊन ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. दाजींना साखरेचा आजार, त्यांची किडनी चालणार नव्हती. मुलगा सचिन तयार होता, हट्टालाच पेटला होता. आक्काने त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "माझी इहीर आटली म्हणून पोराची इहीर उपसू व्हय?" त्यानंतर तो विषय घरात कुणाला काढता आला नाही.

डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात शीर जोडून घेतली होती. तिथे रक्त इतक्या जोरात वाहतं की हात लावला तर कातडीखाली घरघर जाणवते. आम्हाला ते बघून कसंतरी व्हायचं. आक्का मात्र येईल त्याला हात पुढे करून सांगायची, "कान लाव. मोटार चालू हाय." शेजारच्या बायका खरंच कान लावायच्या आणि तोंडावर पदर घ्यायच्या.

सुईचं तिला काही वाटलं नाही, चार-चार तास पडून राहायचंही नाही. तिला हरवलं ते तहानेनं. शरीराबाहेर पाणी जायची वाटच बंद झाली होती, त्यामुळे दिवसभराचं सगळं पाणी, चहा-आमटी धरून, एका लहान बाटलीत मावेल एवढंच. रानातून आल्यावर तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करणारी ती. आता चूळ भरायची आणि थुंकायची. बर्फाचा खडा जिभेखाली धरून डोळे मिटून बसायची. त्यात टोमॅटो बंद, फळं बंद. जे आयुष्यभर पिकवलं तेच तिला वर्ज्य. आमच्या घरामागच्या गल्लीत सकाळी नळ यायचा, बादल्या भरल्याचा आवाज व्हायचा, तेव्हा ती खोलीचं दार लावून घ्यायची. काही महिन्यांत तिचं बोलणं बंद झालं. आणि एका सकाळी, दवाखान्यात जायची वेळ झालेली असताना, ती पलंगावरून उठलीच नाही. म्हणाली, "दत्ता, मला कळसला सोड. बास झालं हे." न गेलं तर काय होईल हे तिला आमच्याइतकंच माहीत होतं. मी दाजींना बोलावलं. ते आले, दुपारपर्यंत तिच्या पायाशी बसून राहिले. शेवटी तीच उठली, "चला, आजच्यापुरतं," म्हणून. पण ते आजच्यापुरतंच होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्याच दिवशी तिच्या शेजारच्या पलंगावर शिंदेमामा होते. इंदापूरचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आमच्या आधीपासून तिथे येणारे. त्यांना गच्चीवरच्या झाडांचं वेड. आक्का शेतकरी हे त्यांना ठाऊक होतं. ती बोलेनाशी झाली म्हणून असेल, त्यांनी तिच्यासाठी एक लहान कुंडी आणली होती. कांद्याएवढा बुंधा, त्यावर चार पानं आणि एक गर्द गुलाबी फूल. "अडेनियम म्हणतात ह्याला," ते म्हणाले, "पाणी कमी घाला, आक्का." पाणी हा शब्द ऐकून की काय, घरी येईपर्यंत आक्का धुमसत होती. "आमाला शिकवतंय, पाणी कसं घालायचं ते." आणि तिने ती कुंडी गच्चीत ठेवून टोमॅटोच्या रोपाला घालावं तसं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मी एकदा टोकलं. ती म्हणाली, "मला न्हाय मिळत, त्याला तरी पिऊ दे की."



झाड कुजलं. पानं पिवळी पडून गळाली आणि बुंधा अंगठ्याने दाबला की पिकल्या केळ्यासारखा दबू लागला. आक्काने ते उपटून हातात घेतलं, हुंगलं, आणि गच्चीच्या पायरीवर बसून राहिली. किडन्या गेल्याचं ऐकतानाही मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशी पाहिलं. "माझ्या हातनं झाड मेलं न्हाय कदी," एवढंच म्हणाली. पुढच्या खेपेला ती दवाखान्यात गेली ती शिंदेमामांना हे सांगायला. मामा हसले. म्हणाले, "मेलं कशावरनं? नासलेलं सगळं कापून टाका, आतलं पांढरं स्वच्छ लागंपतूर. हळद लावा आन् सावलीत टाकून द्या. माती न्हाय, पाणी न्हाय, काय न्हाय."

"किती दिस?"

"ते त्येचं ते सांगतंय."

आक्काने स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि जमिनीवर पेपर पसरून कापायला बसली. चीक हाताला लागू नये म्हणून मंगलने तिला प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून दिली. या झाडाचा चीक विषारी असतो. कापता कापता जेमतेम वरचा एक तुकडा उरला, लिंबाएवढा, त्यावर बोटभर फांदी. त्याला हळद चोपडून तिने तो कोठीच्या खोलीत, लसणाच्या टोपलीशेजारी फळीवर ठेवला. मंगल मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुपचूप टाकून देऊ का? रोज बघून त्रास करून घेतील." मी म्हणालो, राहू दे. त्या तुकड्याचं काही होईल असं मलाही वाटत नव्हतं. तो सुरकुतत चालला होता, आल्याच्या जुन्या तुकड्यासारखा.

पण आक्का रोज सकाळी कोठीत जायची. दवाखान्याचा दिवस आला की म्हणायची, "ते काय हुतंय ते बघू, मग ठरवू." असं एक खेप, दुसरी खेप, तिसरी… कळसला सोड म्हणायचं ती थांबली नव्हती, पण पुढे ढकलत होती. आणि मग एका सकाळी तिने हाक मारली. मंगलला आणि मला वाटलं ती पडली. धावत गेलो, तर ती कोठीत जमिनीवर बसलेली, तो तुकडा तळहातावर धरून. फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका होता. मोहरीएवढा असेल नसेल. चष्मा पुसून मी परत पाहिलं. ठिपका नव्हता, दोन इवली पानं होती, एकमेकांना मिटलेली. ज्याला इतक्या दिवसांत मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, उन्हाची तिरीप नाही, त्याने पान काढलं होतं.

आक्काने तो तुकडा उजेडाकडे फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दत्ता, हे कशावर जगतंय रं?"

बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, असं मी सांगितलं असतं तर चुकलं नसतं. पण तिचा चेहरा बघून ते मला सांगवलं नाही. पन्नास वर्षं जिने झाडांना पाणी पाजलं, ती एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात बसावी तशी लसणाच्या टोपलीशेजारी बसली होती. मीही तिच्याजवळ खाली बसलो. मंगलही बसली. गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कुठे आम्ही उठलो.

त्या दिवसानंतर कळसला सोड हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नाहीत. तहान गेली नाही, ती शेवटपर्यंत होती. पण तिच्याकडे एक काम आलं. बारीक खडी, विटांचा चुरा, चिमूटभर शेणखत असं मिश्रण करून तिने तो तुकडा लावला. खडीला हात लावून ओल बघायची, ओल संपल्यावरही दोन-चार दिवस थांबायची आणि मग घोटभर पाणी. आणि थंडी पडली, पानं पिवळी होऊन गळायला लागली तेव्हा मंगल घाबरली, आक्का म्हणाली, "झोपलंय ते. उठवू नको." पाणी पूर्ण बंद. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या बोडक्या फांदीवर आधी कळ्या आल्या, पानं मागून. शिंगांसारख्या जोडीच्या शेंगा धरल्या. त्या पिकल्या की फुटतात आणि बिया कापसाच्या म्हाताऱ्यांसारख्या उडून जातात. म्हणून आक्काने फाटलेल्या मच्छरदाणीच्या पट्ट्या कापून प्रत्येक शेंगेला टोपडं बांधलं. त्या बियांपासून आमची गच्ची भरली. गंमत म्हणजे आई गुलाबी, पण पोरांचा रंग कुणी सांगू शकत नाही. एक जवळपास पांढरं निघालं, एकाला तांबडी किनार. मी आयुष्यभर मुलांना रंग शिकवले, पण कळी उमलायच्या सकाळी आक्कासोबत चहाचा अर्धा कप घेऊन पायरीवर बसताना मला दरवेळी पहिलीतल्या मुलासारखं वाटायचं.

दवाखान्यात डायलिसिसला येणाऱ्या कितीजणांना तिने रोपं दिली, मला माहीत नाही. नवा माणूस घाबरून पलंगावर आडवा झालेला असायचा, तर ही आपल्या नळ्या सांभाळत त्याला शेजारून सांगायची, "हात बघू. मोटार चांगली चालतीया की." आणि पुढच्या वेळेला एक कुंडी. कुंडीबरोबर एकच सूचना, पाणी कमी घाल म्हणून नव्हे, तर "तुज्या वाटचं पाणी ऱ्हायलं तर घाल."

मग शिंदेमामा वारले. एका खेपेला त्यांचा पलंग रिकामा दिसला आणि परिचारिकेने सांगितलं. मला धाकधूक होती, आता ही पुन्हा खचणार. पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दाजींना फोन लावून म्हणाली, "गाडी घेऊन या. इंदापूरला जायचंय." तिथे मामांच्या पत्नी गच्चीचं दार उघडायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, ती झाडं त्यांची, मला त्यातलं काही कळत नाही, बघवतही नाही. आक्का त्यांच्या शेजारी बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, त्यास्नी तुमी काय करायचंच न्हाय. तीच तर त्यांची खुबी हाय. दार तेवढं उघडा." दार उघडलं. मामांची झाडं, काही हंड्याएवढ्या बुंध्याची, इतके दिवस कुणी न फिरकताही फुललेली होती. गच्चीभर. त्या माउली उंबऱ्यातच थांबल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. परतताना गाडीत दाजी पहिल्यांदा म्हणाले, "झाड झ्याक हाय." आक्का खिडकीकडे तोंड करून हसली, ते मी आरशात पाहिलं.

कळसच्या अंगणात लावायची कल्पना तिचीच. त्याआधी दाजींनी विचारलंच, "बाजारात काय भाव हाय ह्याचा?"

"काय न्हाय."

"मग?"

"मग काय? मी नसले की तुमी घराम्होरल्या फुलाला पाणी घालत बसणार हाय व्हय? म्हणून हे लावते. ह्याला तुमी लागत न्हाय."

दाजी उठून गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मुरूम आला. घरासमोरची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात हे झाड पहिल्याच पावसात कुजलं असतं. म्हणून मुरमाचा उंचवटा करून, वरून खडी पसरून, आक्काने एकेक रोप लावलं. मुळं जमिनीत, पण बुंध्याचा निम्मा भाग उघडा. ती खुर्चीवर बसून सांगत होती आणि ज्यांनी टोमॅटोची लाखो रोपं लावली ते दाजी गुडघ्यावर बसून ती म्हणेल तसं करत होते. "वर घ्या. अजून वर. गळ्यापतूर पुरू नका, घुसमटंल." पहिल्या वर्षीच्या पावसात दाजींनी तीनदा फोन करून मला विचारलं की झाकायची का. मी फोन आक्काकडे द्यायचो. ती म्हणायची, "भिजू द्या. खाली साठत न्हाय न्हवं? मग भिजू द्या."

डॉक्टरांनी सुरुवातीला मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, त्यापेक्षा ती किती जास्त जगली याचा हिशेब मी कधी केला नाही. शेवटच्या हिवाळ्यात तिचं वजन खूप उतरलं. हातातली घरघर मंद झाली होती. दोन खेपांच्या मधे ती कळसला जाऊ लागली, उन्हात बसायला. शेवटची भेट झाली ती बारामतीच्या घराच्या दारात. सचिन गाडी घेऊन आला होता. मी तिला हात धरून बसवलं. ती म्हणाली, "गच्चीवरली पानं झाडून घे. किडं व्हत्यात." निरोपाचं असं काही नाही. आणि मी ते काम दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी झाडू घेतला, तेव्हाच फोन आला.

परवा कळसला गेलो होतो. थंडी सरली आहे, पण झाडं अजून तशीच, बोडकी. मंगलने वाकून एकेक फांदी पाहिली. कुठे काही नाही. अंगणाच्या कडेने भाजीच्या वाफ्याकडे ठिबकची नळी जायची, ती या उंचवट्याच्या अगदी पायथ्याशी होती. ती तिथे नव्हती. दाजींनी ती एकट्याने उकलून गोठ्याच्या मागून फिरवून नेली होती. गळती लागली तर मुळाला ओल नको म्हणून. सचिनची बायको म्हणाली, दोन दिवस त्यातच गेले, जेवायलाही धड आले नाहीत.

मी दाजींजवळ ओट्यावर बसलो. विचारलं, "कधी फुटतील, दाजी?"

"मला काय ठावं," ते म्हणाले. "मला तिनं लावायचं शिकवलं. फुटायचं त्येंचं ते बघत्यात."

तेवढ्यात सचिनने पिकअप आणून अंगणात लावली. मागे टोमॅटोचे क्रेट रचलेले, वर ताडपत्री, बाजाराला निघायची घाई. तो दोरी आवळत होता. दाजी एकदम उठले.

"गाडी म्होरं घे."

"का, आबा? निघतोयच की आता."

"सावली येतीया त्यांच्यावर. म्होरं घे."

"दोन मिनिटांत निघतो, आबा…"

"दोन मिनिटं का हुईनात. घे."

सचिनने दोरी तशीच सोडली, गाडीत बसला आणि गाडी फाटकापर्यंत पुढे नेली. मुरमावर परत ऊन आलं. दाजी ते नीट सगळ्यांवर पडलं का हे उभ्याउभ्या बघत राहिले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग येऊन माझ्या शेजारी बसले.